ग्रॅममामा आणि आईची सॅक

माझ्या मामाला सगळं गाव ग्रॅममामा म्हणतं. सख्खी भाची मी एकटीच, पण मामा तो अख्ख्या गावाचा. त्याचं दुकान स्कीच्या सामानाचं आहे, तरी जीव सगळा पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि सॅकमध्येही फक्त तिच्या वजनात. नवी सॅक आली की आधी तो ती काट्यावर ठेवतो, मग कंपनीनं छापलेलं वजन वाचतो आणि मग त्या कंपनीच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करतो. लेबलं कापून टाकतो. पट्ट्यांची लोंबणारी टोकं कापून मेणबत्तीवर शेकवतो. चेन ओढायच्या लोखंडी कड्या काढून तिथे बारीक दोरी बांधतो. त्याला कुणी हसलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "किलो काय आभाळातून पडतो? ग्रॅमाग्रॅमानंच होतो ना?"

एकदा त्यानं स्वतःच्या दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली. मी म्हटलं, "मामा, दातही घरीच ठेवून जा ना." तो गंभीरपणे म्हणाला, "तेही होईल. वयाप्रमाणे."

आमच्याकडे स्कीवाले दोन तऱ्हेचे. काही रोपवेत बसून वर जातात आणि आखलेल्या उतारावरून घसरत खाली येतात. दुसरे मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, तासन् तास डोंगर चढतात आणि जिथे वाट नाही, माणूस नाही, अशा अंगानं उतरतात. मामाची गिऱ्हाइकं ही दुसरी. चढणाऱ्याला पाठीवरचं ओझं पावलापावलाला कळतं, म्हणून त्यांना सॅक हलकी हवी. पण त्या उतारांवर कधी कधी सगळा बर्फ एकदम सुटतो आणि माणूस गाडला जातो, म्हणून सॅकमध्ये घडीची लांब सळई आणि फावडं हवंच. सळईनं टोचून माणूस शोधायचा आणि फावड्यानं उकरून काढायचा. जो काही वेळ मिळतो, तो फार थोडा असतो.

त्यामुळे दुकानाचा एक नियम आहे. एकट्याला सॅक मिळत नाही. ज्याच्याबरोबर डोंगरात जाणार, त्याला घेऊन या. मग दोघांच्या पाठीवर सॅक, हातात जाड मोजे, डोळे मिटलेले. मामा ओरडतो, "सुटला!" की सॅक उतरवायची, चेन उघडायची, फावडं काढून दांडा बसवायचा. मामा मोठ्यानं आकडे मोजत असतो. जमलं तर पास. नाही जमलं तर दुसरी सॅक बघा, नाहीतर दुसरा सोबती बघा.

"आपलं फावडं आपल्यासाठी नसतं," तो सांगतो. "आपण खाली असतो. ते सोबत्यासाठी असतं."

यावरून दुकानात नवराबायकोंची कडाक्याची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. लग्न ठरलेल्या एका मुलीनं तर नापास झालेल्या मुलाला तिथल्या तिथे बाहेरचा रस्ता दाखवला. त्या दिवशी मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

त्याचा स्वतःचा सोबती मात्र जन्मभर एकच, माझी आई.

आई त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले आणि धाकट्याला तिनंच वाढवलं. ती नर्सिंग शिकत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी याला घरी कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्नच होता, म्हणून डोंगरावर बरोबर न्यायची आणि दमला की सॅकमध्ये बसवायची. "आयुष्यातली पहिली सॅक मी आतून पाहिली," असं मामा गिऱ्हाइकांना सांगतो. पुढे आईनं दवाखान्यात सगळी नोकरी केली. एखाद्याची शीर सापडेना झाली की डॉक्टरसुद्धा तिलाच बोलवायचे. ती हात हातात घ्यायची, दोन बोटं फिरवायची, आणि सुई आत गेलेली पेशंटला कळायचीही नाही.

दर वर्षी थंडी उतरणीला लागली की ही दोघं भावंडं खिंडीवर जायची. खिंड चढायची, पलीकडच्या उतारावरून खालच्या लाकडी झोपडीपर्यंत घसरत जायचं, रात्र तिथे काढायची आणि परत. तिथे तिसऱ्याला प्रवेश नव्हता. बाबा होते तेव्हा तेही घरीच थांबायचे. मी मैत्रिणींबरोबर पुष्कळ डोंगर चढले, पण खिंड या दोघांची होती, आणि मला कधी कुणी विचारलंही नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी तिकडून परत आल्यावर आई बूट काढता काढता म्हणाली, "सॅक जड झालीय रे माझी."

दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर त्यानं विचारलं असतं, ताई, बरं नाहीये का? आमच्या मामानं सॅक काट्यावर ठेवली.

त्यानं सॅकच्या पाठीतला प्लास्टिकचा पत्रा काढला. पुढच्या हिवाळ्यात आई आणखी मागे पडली, तेव्हा वरचं झाकण काढलं आणि कमरेचा पट्टा उसवला. तिच्या डाव्या पायाची स्की ओढल्यासारखी यायची, तर मामानं स्की बदलल्या. हाताची काठी गळून पडायची, तर काठी बदलली. घरी आईला कोटाची बटणं लावायला वेळ लागत होता, तिचं अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं, आणि मामा दुकानात कापडाचे नमुने बोटांत चोळून कुठलं सगळ्यात पातळ ते बघत होता. मी तापट आहे, सगळ्यांना माहीत आहे. एक दिवस सगळ्या दुकानासमोर ओरडले, "सॅकला काही झालेलं नाही, मामा! आईला काहीतरी झालंय!"

"ते डॉक्टरांचं काम," तो म्हणाला. "माझ्या हातात आहे ते मी करतोय."

यंदा थंडीच्या तोंडाला डॉक्टरांनी नाव सांगितलं. कंपवात. वाढत जाणार, गोळ्यांनी थोडा आवरणार, बरा होणार नाही. आईनं मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट ऐकत होती. तिला घरी सोडून मी तशीच दुकानात गेले. मामा शिलाई मशीनवर होता. मी सांगितलं. त्याचा पाय क्षणभर थांबला. मग तो म्हणाला, "म्हणजे अजून हलकी लागेल."

टेबलावरची कात्री भिरकावून द्यावी इतका संताप आला मला. दार आपटून बाहेर आले. रस्त्यावरून काचेतून आत बघितलं तर मशीन चालूच होतं, आणि सुईखाली कापडच नव्हतं.

खिंडीचे दिवस जवळ आले तशी आई एका दुपारी सॅक निवडायला दुकानात आली. मामानं सकाळपासून तयारी केली होती. बाजारात मिळतात त्या सगळ्यात हलक्या सॅका त्यानं मागवून ओळीनं टांगल्या होत्या. प्रत्येकीत तो सामान भरायचा, आईच्या पाठीवर चढवायचा आणि तिला मागच्या जिन्यावरून वर-खाली करायला लावायचा. ही खांद्याला रुतते. ही चढताना डोलते. हिच्यात फावड्याला वेगळा कप्पा नाही, ती नकोच. आई निमूट चढत होती, उतरत होती. मी जिन्याच्या कठड्यापाशी उभी होते, मला कुणी काही विचारलं नव्हतं. शेवटी त्यानं टेबलाखालून त्याची स्वतःची काढली. पांढरं, कागदासारखं पातळ कापड, आणि हातानं घातलेली शिवण. आईनं ती घातली आणि आरशासमोर उभी राहिली.

"घातल्यासारखी वाटतच नाहीये," ती म्हणाली.

मामाचा चेहरा असा काही उजळला, की मला बघवेना.

"आता परीक्षा घे," आई म्हणाली.

"तुझी कसली परीक्षा? शिकवलंस तूच ना मला."

"नियम म्हणजे नियम. मोजे दे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बूट घालून बघत होती, तीही थांबली. आईनं मोजे चढवले, डोळे मिटले. मामानं 'सुटला' म्हटलं, पण ओरडला नाही. एवढ्या हळू मी त्याला ते कधी म्हणताना ऐकलं नव्हतं. त्यानं मोजायला सुरुवात केली. सॅक पाठीवरून उतरली. आईची बोटं चेनची दोरी शोधत राहिली, सापडली की निसटत राहिली. मामाचे आकडे मंदावत गेले.

"दोरी बारीक झाली," तो घाईघाईनं म्हणाला. "चूक माझी आहे, ताई. थांब." मशीनवर बसून त्यानं चेनला हात जाईल एवढा जाड पट्ट्याचा फास शिवला. ग्रॅमाचा विचारही केला नाही.

पुन्हा डोळे मिटले. या वेळी चेन उघडली. फावडं निघालं. पण दांडा काही केल्या भोकात बसेना. एका हाताचा कंप आवरायला जावं तर दुसरा सुटत होता. दांडा फरशीवर पडला, आईनं चाचपडत उचलला, तो पुन्हा पडला. मामानं मोजणं कधीच थांबवलं होतं.

"पास," तो म्हणाला. "झालं. बास."

आईनं डोळे उघडले. "किती आकड्यावर थांबलास?"

तो फरशीवरचा दांडा उचलायला वाकला.

"नापास आहे मी. म्हण."

"ताई, मला चालेल."

"काय चालेल?"

"तुला नाही जमलं काढायला, तरी." त्यानं दांडा टेबलावर ठेवला. "तसं काही झालंच, तर मला चालेल. तू चल फक्त."

ती गिऱ्हाइकं हळूच बूट काढून निघून गेली. आईनं मोजे काढले, एकावर एक ठेवले.

"मला नाही चालणार," ती म्हणाली. "तू खाली असशील आणि मी वर उभी, हातात दांडा बसत नाही म्हणून बघत. तू मरून सुटशील रे. मी काय करू?"

मामा खाली बसला, तिथेच, सॅकांच्या ओळीखाली. त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"नर्स आहे मी. सॅक जड झाली म्हणाले ना, त्याच वर्षी कळलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस? मी वेड्यासारखा..."

"तू इतकं मन लावून कापत होतास," आई म्हणाली. "मला वाटलं, कापू दे."

मग तो रडला. मोठा माणूस रडताना चेहरा लपवतो, त्यानं तेही केलं नाही. रडता रडताच म्हणाला, की तो खिंडीवर जाणारच नाही, आता कधीच नाही. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"जाशील," ती म्हणाली. "आज नाही म्हणशील, आणि एक दिवस कुणाला न सांगता एकटाच निघशील. मी वाढवलंय तुला. म्हणून ते आजच ठरवायचं." आणि तिनं मोजे माझ्यासमोर धरले. "घाल."

"आई, मी नाही."

"घाल म्हणते ना."

मी घातले. तिनं स्वतःच्या हातानं सॅक माझ्या पाठीवर चढवली. वेळ लागला, पण मी मदत केली नाही. डोळे मिटले. या वेळी 'सुटला' आईच म्हणाली, ठणठणीत आवाजात, आणि आकडेही तीच मोजू लागली. फास माझ्या हाताला पहिल्याच झटक्यात लागला. चेन उघडली. फावडं आलं. माझे हात थरथरावेत, दांडा पडावा, असं मला मनापासून वाटत होतं. आयुष्यात कधी इतकं नापास व्हावंसं वाटलं नव्हतं. पण कुठलीच बोटं अडखळली नाहीत. दांडा खट्कन बसला, आणि आईचे आकडे थांबले.

"पास," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसायचा प्रयत्न करत होती. "चांगली आहेस गं तू. मला माहीत नव्हतं."

मग ती मामाकडे वळली. "ऊठ. तिची पाठ माझ्यापेक्षा लांब आहे. पट्टे सोड."

मामा उठला आणि माझ्या मागे आला. आईच्या मापाला बसवलेली एकेक गाठ तो सोडवायला लागला. दुसऱ्या गाठीशी त्याचे हात थांबले. मला त्याचे हुंदके पाठीवर कळत होते, कारण मधे कापड असं नव्हतंच. मला वळून बघायचा धीर झाला नाही.

आई खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली.

"रडायचं तर रड," ती म्हणाली, "पण पट्टा नीट बसव. तिच्या खांद्याला लागेल."