माझ्याकडनं पंप मारून घेणारा

नागापूरचा एक सायकलवाला गिऱ्हाइकालाच पंप मारायला लावायचा, मग पंपाचं बूड धरायला सांगायचा. "तापलं न्हवं? तुमचाच जोर त्यो, हवेत शिरला." मग व्हॉल्व्ह सैल करून तळहातावर हवा सोडायचा. "गार लागती? भाईर ढकलत येताना तिनं आपलीच ऊब खर्चली. फुकट काय व्हत न्हाई, मामा."

माझी कारभारीण वारली, तवापासनं मी ओट्यावरनं उठलो न्हवतो. घास उतरत न्हवता. लोकं रडून गेली. ह्यो आला आन् माझ्या सायकलीची दोन्ही चाकं माझ्याकडनंच भरून घेतली. मी शिव्या दिल्या. पन घाम आला, सांजच्याला दोन भाकरी खाल्ल्या. लई उपकार त्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यो परत आला, दोन्ही चाकांची हवा सोडली आन् पंप माझ्या हातात दिला.