घरात भरलेला वर्ग

तांबेबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर वाक्य अर्धवट सोडत नाही, अशी परळ-लालबागमध्ये त्यांची ख्याती होती, आणि ती काही उगाच नव्हती. वैशाली तांबे म्हणजे शाळेतल्या मराठीच्या बाई. वाक्यसंकलन हा त्यांचा हातखंडा. फळ्यावर दोन तुटकी वाक्यं लिहायच्या, 'पाऊस आला. खेळ थांबला.' आणि म्हणायच्या, "चला, यांची सोयरीक जुळवा." पोरं मध्ये 'आणि' टाकून मोकळी व्हायची. "आणि काय, कुणीही लावतं. कशामुळे काय झालं ते दिसू दे की," असं म्हणून बाई पुन्हा लिहायला लावायच्या. कर्ता एकीकडे नि क्रियापद भलतीकडे अशी वही समोर आली, की लाल पेन असं चालायचं की पान रंगून जायचं. अर्ध्या गिरणगावाची वाक्यं बाईंनी अशी वळणावर आणली.

एक माणूस तेवढा त्यांच्या वळणात कधी बसला नाही. त्यांचा नवरा. गौतमराव बसमध्ये कंडक्टर होते आणि बोलण्याचं म्हणाल तर तोंडाला टाळं नाही. डेपोतली भानगड सांगता सांगता मध्येच बोंबलांचा भाव निघायचा, तिथून कुणाच्या तरी लग्नाची वरात, आणि पहिलं वाक्य बिचारं तसंच लोंबकळत राहायचं. "अहो, वाक्य पुरं करा," बाई म्हणायच्या. "तूच कर की वैशू, मला पुढचं सांगायचंय," असं म्हणून ते हसायचे. सगळा संसार असाच गेला, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

बाई निवृत्त झाल्या, जुनी चाळ पडली, टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर घर मिळालं. घर लागतंय न लागतंय तोच गौतमरावांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात थोडाफार हलू लागला. वाचा मात्र मोडली. त्यांना समजायचं सगळं, पण बोलायला गेले की शब्द सुटे सुटे यायचे, कधी उलटसुलट, कधी नुसतंच 'ते... ते'.

हॉस्पिटलात वाचेचे उपचार करणारी आकांक्षा नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. जितकं बोलतील तितकं परत येईल, गप्प राहायची सवय लागली तर मग अवघड. कसंही बोलू दे, दुरुस्त करू नका. म्हणणं कळलं की सरळ उत्तर द्या."

बाईंनी मान डोलावली. मनात म्हणाल्या, कालची पोर, मला भाषा शिकवते.

दुसऱ्या दिवसापासून घरात वर्ग भरला. गौतमराव कपाकडे बघून "चहा... मी..." म्हणायचे. बाई कप ओट्यावरच ठेवायच्या. "मला चहा हवा आहे. म्हणा." ते पुन्हा धडपडायचे, कपाळावर घाम यायचा, चहावर साय धरायची. वाक्य साधलं की मगच कप हातात. आता बाईंना दुष्ट म्हणायचं असेल तर म्हणा, पण करत होत्या त्या मायेनंच. त्यांना आपला बडबड्या माणूस परत हवा होता, आणि तोही लवकर. चहाचं वाक्य जमलं तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी फोन करून सांगितलं. आकांक्षानं विचारलं, "घरी मोकळं बोलू देता ना?" तर "हो तर," म्हणून बाई सरळ खोटं बोलल्या.

मग ती संध्याकाळ आली. दिवसभर बाई नुसत्या पळत होत्या. औषधं, बँक, वर लिफ्ट बंद म्हणून जिना. गौतमरावांना खाटेवरच वाढून झालं आणि त्या भांडी आवरायला लागल्या. तेवढ्यात त्यांचा पदर ओढला गेला.

"तू... जेव... नाय..."

"असं नाही. 'तू जेवली नाहीस का?' पूर्ण म्हणा."

"नाय... तू... जेव..."

"कर्ता आधी. पुन्हा."

तिसऱ्या वेळी ओठ हलले, आवाज आला नाही. गौतमरावांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं, पदर सोडला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

खरी गोम पुढेच आहे. बाईंना त्यांचं म्हणणं पहिल्या वेळीच कळलं होतं. सकाळपासून बाईंच्या पोटात काही नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नवऱ्याच्या आलं. मोडक्या जिभेनं त्यानं विचारलं, आणि बाईंनी उत्तर द्यायचं सोडून त्याचं वाक्य तपासलं.

त्या दिवसापासून गौतमराव त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मान हलवायचे, बोट दाखवायचे. बाई धास्तावल्या. चहा न मागता हातात येऊ लागला. "कसंही बोला हो, चुकीचं बोला," असं त्या विनवू लागल्या. पण ज्या तोंडानं आयुष्यभर चुका काढल्या, त्या तोंडचं हे कोण खरं मानणार? गौतमराव निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे त्यांच्याकडे बघत बसायचे. बाईंना ती नजर सोसवेना. आपण आपल्या हातानं या माणसाची जीभ बांधली, हे त्यांना उठता-बसता खात होतं.

रघु हा गौतमरावांचा चाळीतला जुना दोस्त, आता वरच्या मजल्यावर राहणारा. दुपारी येऊन बसायचा, तेव्हा बाई बाजार उरकून घ्यायच्या. एकदा त्या लवकर परतल्या. दार नुसतंच लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता.

"टोपी... रघ्या... तो... गटार... पळाला..."

"कोण रे, तो लांब नाकाचा इन्स्पेक्टर?"

"हां... हां... टोपी..."

आणि दोघांचं हसू. बाईंना राहवेना. पिशवीसकट त्या तशाच आत शिरल्या. गौतमरावांनी त्यांना पाहिलं आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. ते सावरून ताठ बसले.

"गौत्या, टोपीचं पुढं काय झालं?" रघुनं विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली.

रघुला सोडायला बाई लिफ्टपर्यंत गेल्या. "भावजी, हे कधीपासून बोलायला लागले?"

रघु गोंधळला. "थांबला कधी होता, वैनी?"

त्या आठवड्यात बाईंनी आकांक्षाला सगळं सांगून टाकलं. ओट्यावरच्या चहासकट. मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जिथे बोलतायत तिथे बोलू दे, काकू. तुमच्याशीही बोलतील, पण वेळ लागेल."

"आणि नाहीच बोलले तर?"

आकांक्षानं पुढच्या भेटीची तारीख कागदावर लिहून दिली.

घरी येऊन बाई नवऱ्यासमोर बसल्या. "माझं चुकलं. चहाचं चुकलं. त्या संध्याकाळचं तर फारच चुकलं. मी जेवले नव्हते हो, तुम्ही बरोबर विचारलंत." गौतमरावांनी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला, हळूहळू थोपटला. बोलले नाहीत.

तेव्हापासून रघु आला की बाई पिशवी घेऊन निघतात. बाजारात रोज काय घ्यायचं असतं? जिन्यात एक वळण आहे, लिफ्ट असल्यामुळे तिकडे कुणी फिरकत नाही, आणि स्वयंपाकघराची जाळी तिथेच उघडते. बाई पायरीवर बसतात आणि नवऱ्याचा आवाज ऐकतात. कुठल्यातरी शब्दाशी त्याचं अडतं, बाईंना तो शब्द ठाऊक असतो, अगदी ओठांवर येतो. त्या पदराचा बोळा तोंडाशी धरतात.

परवा आतून आवाज आला, "वैशू... कुठं?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःचं नाव त्या तोंडून ऐकलं. त्या उठल्याच.

"बाजारात गेलीय," रघु म्हणाला.

"लांब?"

"दादरला. उशीर होईल म्हणाली."

"बरं... बरंय," गौतमराव म्हणाले. खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचं बोलणं सुरू झालं, तुटकं, उलटंसुलटं, भराभरा.

बाई पुन्हा पायरीवर बसल्या. त्या दिवशी त्या बराच वेळ दादरलाच राहिल्या.