भरताचं वांगं आणि कोळशाची मालगाडी

रुळांच्या कडेची अर्धी वाट सरली तरी कलाबाईची चाल ढिली पडत नव्हती. सरलाबाई पदर खोचून मागून जवळजवळ पळतच होत्या. तिगावच्या शाळेत लागल्यापासून इतकं त्या कधी चालल्या नव्हत्या, त्यातून मार्गशीर्षातला गुरुवार, पोटात एक केळ तेवढं. पण पॅसेंजर कुठं अडकली होती कोणास ठाऊक, आणि कलाबाईला पांढुर्ण्याच्या स्टेशन मास्तरांनी आजच बोलावलं होतं. एकटीनं जायचा धीर होईना म्हणून शाळा सुटताच तिनं बाईंना गाठलं होतं.

कलाबाई तिगावच्या अलीकडच्या फाटकावरची गेटवाली. आधी तिचा नवरा शालिकराम तिथं होता. तो तापानं गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं, पण कच्ची. काम बघू, मग पक्की करू, असं बोलणं. ब्याऐंशी साल ते. बाईमाणसाच्या हातात लाल झेंडी त्या भागात कोणी पाहिली नव्हती. फाटकाशी अडकलेले बैलबंडीवाले मुद्दाम विचारत, "वैनी, गाडी येऊन राह्यली का सैपाक होऊन राह्यला?"

"दोन्ही येऊन राह्यलं," ती म्हणे, "उभे राहा गुमान."

फाटक गेलं की फाटकाची खोली जाणार होती, आणि पोरीला घेऊन मोहगावला भावाच्या दारात उभं राहावं लागणार होतं. भावजयीनं तर आधीच निरोप धाडला होता, की आमच्या इकडं छोटी लाईन, गाड्याही कमी, पण घर त्याहून छोटं आहे. ही गोष्ट कलाबाई हसत सांगे. आज मात्र ती हसत नव्हती.

झालं होतं ते मंगळवारी. परासियाचा कोळसा घेऊन एक मालगाडी आमल्याहून घाट उतरली. तो माल नागपूरकडं वीज करायला जातो. घाट उतरलेल्या गाडीला ब्रेकांचा जळका वास असतोच, त्याची कलाबाईला सवय झाली होती. पण शेवटचा, गार्डाचा डबा समोरून निघाला तेव्हा वेगळाच वास आला आणि दारातून धुराचा लोट. डबा पेटला असं समजून तिनं लाल झेंडी अशी काही हलवली, की गार्डानं गाडीच उभी केली.

गार्डबाबू खाली उतरले, ते हातात तार घेऊन. तारेला भाजलेलं वांगं.

"बाई, आग नाही, भरत होऊन राह्यलं," ते म्हणाले.

डब्यात विस्तव ठेवायची परवानगी नाही, पण हिवाळ्यात मालगाडीचे गार्ड शेगडी ठेवतात आणि घाट उतरला की वांगं, कांदा काहीतरी भाजतात, हे लाईनवरच्या पोराटोरांनाही माहीत होतं. कलाबाईचा फाटकावरचा हा पहिलाच हिवाळा. बंडीवाले पोट धरून हसले. एवढी भरलेली गाडी, तिच्यामागं थांबलेली दुसरी. गार्डबाबू ड्रायव्हरला समजावायला पार इंजिनापर्यंत पायी गेले, आणि कलाबाई लाजून खोलीत जाऊन बसली. गाडी निघाल्याचा आवाज तेवढा तिनं ऐकला. काल मुकादमानं निरोप आणला, मास्तरांनी बोलावलं.

"वांग्यापायी गेलं माह्यं फाटक," ती चालता चालता म्हणाली.

मनात सरलाबाईंचा जप चालू होता, आणि आज त्यांनी तो निम्मा कलाबाईच्या नावे करून टाकला होता.

एवढ्यात पाठीमागून रूळ वाजायला लागले. दोघी बांधावर चढल्या. तेलाच्या टाक्यांची लांबच लांब गाडी धडधडत गेली, आणि सवयीनं कलाबाईनं प्रत्येक चाकाकडं वाकून पाहिलं. गार्डानं हिरवी झेंडी दाखवली, तर हिनं रिकामा हात हलवला. मग स्वतःच थबकली. नोकरी जायला निघाली आणि हात अजून काम करत होता.

संत्र्याचे बगीचे संपले, स्टेशनचा सिग्नल दिसला, आणि कलाबाई एकदम उभी राहिली. बाजूच्या लाईनवर कोळशाचा एकच डबा उभा होता. दारावर चुन्यानं काढलेला त्रिशूळ.

"बाई, हा तं तोच हाय. मंगळवारच्या मालगाडीत हाच होता, हा तिरशूळ पाह्यला मी."

ती धावतच सुटली. सरलाबाई उपास विसरून तिच्यामागं. डब्याच्या एका चाकाजवळची तेलाची पेटी काळीठिक्कर पडली होती, भोवतालचं लोखंड भाजून निळं झालं होतं. जवळ बसून चहा पिणाऱ्या कारागिरानं सांगितलं, की आणखी थोडं जोरात पळाली असती तर दांडा तुटून सगळी गाडी आडवी झाली असती. कोण्या गेटवालीनं वासावरून ओळखलं म्हणे.

कलाबाईनं बाईंचा हात घट्ट धरला.

स्टेशन मास्तरांनी तिला खुर्ची दिली. गार्डबाबूंनी त्यांना सांगितलं होतं, की गेटवालीला चाक तापल्याचा वास आला म्हणून तिनं गाडी थांबवली, आणि ती थांबली म्हणूनच इंजिनाकडं जाताना त्यांना ती पेटी धुमसताना दिसली. हळूहळू गाडी पांढुर्ण्याला आणून डबा काढला. वांग्याचं अक्षर गार्डबाबूंनी काढलं नव्हतं. आता मास्तर तिला पक्कं करायला वर सांगणार होते.

खरं बोलावं तर गार्डबाबूंची शेगडी उघडी पडणार, त्यांच्या नोकरीला डाग लागणार. कलाबाईनं नुसतेच हात जोडले.

बाहेर फलाटावर दिल्लीच्या वॅगनमध्ये संत्र्यांच्या पेट्या चढत होत्या. हमाल ओरडत होते, पेट्यांतलं भाताचं तणस उडत होतं. कलाबाईच्या तोंडावर हसू मावत नव्हतं, पण एकीकडं ती बोटं मोजल्यासारखी चाळवत होती.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "तुमी संध्याकाळी पोथी वाचान ना?"

"वाचीन की."

"मंग तवा देवीले माह्यं नाव घेऊन वांग्याचं खरं काय ते सांगून टाका. तिले एकटीलेच. दुसऱ्या कोणाले नोका सांगू."