सर्व्हरच्या कपाटावरचा हार

तुर्भ्याच्या एका शीतगृहात मी सात वर्षं सर्व्हर सांभाळत होतो. ऐकायला भारदस्त वाटतं, पण खरं तर तिथे दोन मशिनं, एक लोखंडी कपाट, एक गळका एसी आणि मी, एवढाच कारभार होता. बाजारात येणारी सफरचंदं, डाळिंबं आमच्याकडे थंडीत ठेवली जायची. ट्रक आत घ्यायचा किंवा बाहेर सोडायचा तर गेटपास लागायचा, आणि तो गेटपास त्या कपाटातल्या लिनक्स मशीनवरून निघायचा. मशीन अडलं की गेट बंद, आणि गेट बंद झालं की सगळे माझ्या नावाने ओरडायला मोकळे.

मला या कामाचा माज होता. माझे वडील साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या बाजारात पोती उचलत राहिले. त्यांचा मुलगा एसीत बसून काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत कमांड टाइप करतो, याचं आमच्या घरात फार कौतुक होतं. माझ्या डोक्यात ते कौतुक जरा जास्तच गेलं होतं. कोणी येऊन सांगितलं की प्रिंट निघत नाही, तर मी आधी त्याने काय चुकीचं दाबलं ते विचारायचो आणि मग उठायचो. बहुतेक वेळा त्याने काहीच दाबलेलं नसायचं.

सर्व्हर रूमची एक किल्ली माझ्याकडे असायची आणि दुसरी मावशींकडे. मावशी बोनकोड्याच्या, नवी मुंबई वसण्याआधीपासूनच्या मूळ गावातल्या. ऑफिस सुरू झालं त्या पहिल्या दिवसापासून त्या तिथे सफाईला होत्या, म्हणजे माझ्याही आधीपासून. सकाळी सातला येऊन त्या सगळं उघडायच्या. सर्व्हर रूममध्ये ओलं फडकं न्यायचं नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. एकदा त्यांनीच मला सांगितलं होतं, "बाला, आतला पंखा येगला वाजतोय." मी हसलो होतो. दोन दिवसांनी तो पंखा बंद पडला.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. वजनकाट्याला, कॉम्प्रेसरला, गेटच्या अडसराला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. सर्व्हरच्या कपाटाची पूजा मावशी करायच्या, कारण त्या खोलीत जाणारं दुसरं कोणी नव्हतंच. एका वर्षी त्यांनी हार थेट कपाटाच्या दारावर, जाळीसमोर लावला तेव्हा मी भाषण दिलं होतं. पुढून थंड हवा आत जाते, मागून गरम बाहेर पडते, जाळी झाकली तर मशीन तापून बंद पडेल, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यानंतर दर वर्षी हार कपाटाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना ताणून बांधलेला असायचा आणि जाळी मोकळी असायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या तीनेक आठवडे आधी एक कटकट सुरू झाली. एकेका ट्रकचे दोन-दोन गेटपास निघायला लागले. कारण सापडेना, म्हणून मी गेटपासच्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलं की तू जे जे करतोस ते सगळं बारीकसारीक एका फाइलमध्ये लिहीत जा. दोन दिवसांत कारण सापडलं, मी ते दुरुस्त केलं आणि ते लिहिणं बंद करायला विसरलो. प्रोग्रॅम बिचारा इमानदार. तो लिहीतच राहिला.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मावशी झाडू हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"बाला, तो हिरवा दिवा थांबतच नाय. आधी मदी मदी थांबायचा. आता नुसता लुकलुक लुकलुक."

तो डिस्कचा दिवा होता. डिस्कवर सारखं काहीतरी लिहिलं जात होतं, एवढंच तो सांगत होता. मी मान वर न करता म्हणालो, "मावशी, तुम्ही झाडून घ्या, दिव्यांचं मी बघतो." त्या बरं म्हणून गेल्या. मी काही बघितलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मावशींचाच फोन आला. गेटवर गडबड आहे, लवकर ये. मी कोपरखैरण्याहून पोचलो तोवर गेटबाहेर सफरचंदाच्या ट्रकची रांग लागली होती आणि ड्रायव्हर खाली उतरून वॉचमनशी हुज्जत घालत होते. मी सर्व्हर रूममध्ये गेलो, कीबोर्ड ओढला आणि पहिली कमांड दिली. डिस्क शंभर टक्के भरलेली, नवा गेटपास लिहायला जागाच नाही. पुढची कमांड दिली, कोणत्या फाइलने जागा खाल्ली ते बघायला. ती फाइल माझीच होती. फाइलच्या नावात मी हौसेने माझी आद्याक्षरंही टाकली होती.

मी इकडे तिकडे बघितलं, खोलीत कोणी नव्हतं, आणि फाइल उडवून टाकली.

आणि जागा काही मोकळी झाली नाही. डिस्क अजूनही शंभर टक्के. आता यात नवल काही नाही, हे मी नवीन लोकांना स्वतः शिकवत आलोय. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसलेला असेल तर तुम्ही फाइल पुसली तरी तिची जागा सुटत नाही, तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की झालं. पण घाबरलेल्या माणसाला स्वतः शिकवलेलंही आठवत नाही. मी वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या फाइली उपसत बसलो आणि बाहेर हॉर्न वाजत राहिले.

तेवढ्यात आमचे मॅनेजर आत आले. ते आधीच तापलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि वर बोट दाखवलं.

"हे काय आहे? मशीनला हार घातलाय? अरे, हवा कुठून जाणार त्याला?"

हार दोन दिवसांचा होता. सुकून मधोमध थोडा खाली आला होता, त्याची दोन-चार फुलं जाळीच्या वरच्या कडेला टेकली होती. त्याने मुंगीचीही हवा अडली नसती. शिवाय मशीनचं तापमान समोर स्क्रीनवर दिसत होतं आणि ते रोजच्यासारखंच होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की हाराने काही झालेलं नाही.

"असू शकतं, सर," मी म्हणालो.

त्यांनी हात वर करून हार ओढून काढला आणि कोपऱ्यात टाकला. "आता रिस्टार्ट मार." मी अख्खं मशीन बंद करून चालू केलं. अर्थात प्रोग्रॅम बंद झाला, त्याने धरून ठेवलेली फाइल सुटली, डिस्क मोकळी झाली आणि बाहेर गेटपास निघायला लागले.

"बघ," मॅनेजर म्हणाले. "हार काढला, चालू झालं. आता याचा फोटो पाहिजे मला, वर मेल करायचाय. लाव तो परत, होता तसा."

होता तसा. मी स्टुलावर चढून हार पुन्हा बांधला, पण गाठ सैल राहिली. मुद्दाम सैल ठेवली की घाईत राहिली, हे आज मला सांगता येणार नाही. फोटो मात्र मी मुद्दाम खाली बसून काढला, हे सांगता येतं. खालून काढला की हार जाळीसमोर आल्यासारखा दिसत होता. उभा राहून काढला असता तर तसा दिसला नसता. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या खाली बसण्याची. बाकीचं भीतीने झालं असं म्हणता येईल. खाली बसताना मी विचार केला होता.

अहवाल मी दुपारी लिहिला. शांतपणे सगळ्या नोंदी वाचल्या, डिस्क कधी भरली तेही बघितलं. पहाटे पाच वाजून काही मिनिटांनी. शंकेला जागाच नव्हती. मेल अजून गेला नव्हता, संध्याकाळपर्यंत वेळ होता, मॅनेजरची केबिन माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी जाऊन सांगितलं असतं तर ओरडा बसला असता, फार तर बढती वर्षभर लांबली असती. मी ती दहा पावलं चाललो नाही. छान इंग्रजीत लिहिलं की सफाई कर्मचाऱ्याने पूजेसाठी लावलेल्या हारामुळे हवेचा मार्ग अडला, मशीन तापले आणि बंद पडले. फोटो जोडला. मग गुपचूप प्रोग्रॅमचं ते बारीकसारीक लिहिणं बंद केलं.

आठवडाभरात नवीन नियम आला. सर्व्हर रूममध्ये पूजा नाही, सफाईवाल्यांना किल्ली नाही. इथवर मी स्वतःला समजावलं होतं. पण त्याच मेलमध्ये वरून कोणीतरी ठेकेदाराला कळवलं होतं की ती बाई बदलून द्या. ठेकेदाराकडे बदलून द्यायला दुसरी जागा नव्हती. त्याने मावशींना सांगितलं की तुमच्या हाराने मशीन बंद पडलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

मी स्वतःशी काय काय बोललो ते लिहायलाही संकोच वाटतो. म्हटलं, या गावठाणातल्या लोकांना काय कमी आहे, इमारती उभ्या केल्यात, खोल्यांची भाडी येतात, मावशी हौसेने काम करतात. इमारत त्यांच्या दिरांची होती आणि मावशी तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायच्या, हे मला चांगलं माहीत होतं. दसऱ्याच्या आधी त्यांनीच चहा पिताना सांगितलं होतं, इथला पगार हाय म्हनून घरात कोनाच्या तोंडाकडं बघावं लागत नाय.

शेवटच्या दिवशी त्या किल्ली द्यायला माझ्या टेबलाशी आल्या. किल्लीला त्यांनी लाल दोरा बांधला होता, हरवू नये म्हणून.

"बाला, एक इचारू? त्या कागदात काय लिवलंय माझ्याबद्दल? इंग्लिशमदी हाय, मना कलत नाय. कोन सांगत पन नाय."

मी म्हणालो, "तुमचं नाव नाहीये त्यात, मावशी."

ते खरं होतं. नाव कुठेच नव्हतं. सफाई कर्मचारी असं लिहिलं होतं, आणि तिथे सफाई कर्मचारी एकच होती.

त्यांचा चेहरा जरा सैलावला. "बरा झाला," त्या म्हणाल्या आणि जाताना माझ्या टेबलावरचा उष्टा कप उचलून घेऊन गेल्या.

पुढे मी ती नोकरी सोडली. आता घणसोलीत दुसऱ्या कंपनीत आहे, हाताखाली चार माणसं आहेत. कुणी चूक कबूल केली तर मी ओरडत नाही, त्यामुळे माणूस चांगला आहे असं माझ्याबद्दल बोललं जातं. मी ऐकतो आणि विषय बदलतो.

गेल्या दसऱ्याच्या आधी बोनकोड्याच्या तोंडाशी फुलं घ्यायला थांबलो होतो. झेंडूच्या ढिगाशी मावशी उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच. त्यांनीच मला आधी ओळखलं, पोरांची चौकशी केली, बायकोला फुलं नीट निवडून नेतो का विचारलं. त्यांच्या पिशवीत एकच हार होता.

"एवढाच?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"देवाला एक पुरं झाला. आदी फ्रीजला, मिक्सरला, नातवाच्या कंपुटरला, सगल्यांना घालायची मी. आता नाय घालत. त्या येलपासून भ्याव वाटतो. माझ्या एका हाराने केवढी गाड्यांची लाइन लागली होती रे. मना येवढं तू शिकवलेलास, तरी माझ्याकडूनच चुकी झाली."

मी हातातली फुलं खाली ठेवली. इतक्या वर्षांनी ते वाक्य तोंडातून निघालं. "मावशी, हाराने काही झालं नव्हतं. तुमचा हार बरोबर बांधलेला होता. चूक माझी होती. तुम्ही त्या दिव्याचं सांगितलेलं, तेच खरं कारण होतं. मी खोटं लिहिलं."

फुलवाला सुटे मागत होता, मागून एक बाई मला ढकलून पुढे वाकत होती. मग मावशींनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"असू दे. मना बरा वाटावा म्हनून बोलतस तू. तेवाबी तूच एकटा माझ्या बाजूचा होतास. सगल्यांनी माझ्यावर खापर फोडला, पन तू नाव नाय लिवलंस माझा. मी घरी सगल्यांना सांगते."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. हात धरून, बाजूला घेऊन, फोटो कसा काढला त्यासकट. सांगेन सांगेन म्हणेपर्यंत त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, माझ्यासाठी ढिगातून चांगली घट्ट फुलं निवडून दिली आणि गल्लीत वळल्या. मी ती फुलं घेऊन घरी आलो.