आबांच्या वाटणीचं

ताटात काही पडलं की आबा "बास, लई झालं" म्हणायचे आणि गुपचूप शर्टाच्या खिशातून दुमडलेला कागद काढायचे. तळलेलं, तुपातलं, शेंगदाण्याचं, सगळं त्या कागदात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे आबा जरा जास्त सराईत होते.

विंझरला त्यांचं किराणा दुकान, शेजारी माझी भाड्याची खोली. मी तिथल्या शाळेत मास्तर. आबांच्या हृदयाची नस चोंदली, पुण्याला नेऊन स्टेंट बसवला, तेव्हापासून या सगळ्यावर डॉक्टरांची बंदी. ती त्यांनी तंतोतंत पाळली. पण कुणी वाढलेलं नाकारणं त्यांना जमायचं नाही. "मायेनं वाढत्यात वं गुरुजी. न्हाई म्हणवत न्हाई." आणि अन्न टाकायचं तर जिवावर यायचं.

मग उरला पोपट. परदेशी, करड्या रंगाचा. आबांच्या शहरातल्या मुलाने हौसेने घेतलेला; फ्लॅटमधले शेजारी त्याच्या ओरडण्याला वैतागले, तेव्हा आबांच्या दारात आणून टांगला. घरात हे दोघंच. "खा बाबा, माजं तुला," म्हणत आबा कागद उघडायचे. मीही आईने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू त्यालाच द्यायचो. आपण फार प्रेमळ आहोत असं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात तो दांडीवरून पडू लागला. दोन उड्या मारल्या की चोच उघडी टाकून धापा. पिंजऱ्याला चादर गुंडाळून आम्ही मोटारसायकलवरून पुणं गाठलं. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि तो काय खातो ते विचारलं. आबांनी अभिमानाने सगळी यादी सांगितली.

"आजोबा, याच्या हृदयातून निघणाऱ्या नसा चरबीने कडक झाल्यात. माणसांना होतं तेच."

"म्हंजी माजाच आजार?"

"हो."

परतताना नसरापूर येईपर्यंत आबा मागे बसून पिंजऱ्याची चादर पुन्हा पुन्हा घट्ट करत होते.

मग औषध, गाजर, उकडलेली भाजी. पोपट वाटी उलटी करायचा. अकराव्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. आबांनी ओढ्याकाठी खड्डा केला, हात धुतले आणि दुकान उघडलं.

"आबा, आज बंद ठेवा की."

"कशापायी?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. शाळेत जाऊन दिवसभर फळ्यावर भागाकार लिहीत राहिलो.

पुढच्या महिन्यात पालीला एका बारशाला गेलो. पंगतीत घरची सून भज्यांची परात घेऊन आली. "आबा, दोन तरी घ्या."

आबांनी ताटावर पंजा आडवा धरला. "नगं, पोरी. मला चालत न्हाई."

"बरं आबा," म्हणून ती हसली आणि पुढच्या ताटात वाढायला लागली.

आबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गुरुजी, गेली की वं ती पुढं."

मी खाली मान घालून भात कालवत राहिलो.