एक ते सहा

त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण सगळे त्यांना कावळे मास्तर म्हणायचे, आणि त्याला कारण ते स्वतःच. नववीला संभाव्यता शिकवायला घेतली की पहिलं वाक्य ठरलेलं: "कावळा बसायला आणि फांदी तुटायला. याला नशीब म्हणतो तो गाढव." मग गाडी लॉटरीवर घसरायची. एकोणपन्नासांतले सहा आकडे जुळण्याची शक्यता जवळजवळ एक कोटी चाळीस लाखांत एक. "वाढदिवस लावा, स्वप्नातले आकडे लावा, नाहीतर सरळ एक ते सहा लावा. शक्यता तेवढीच." पोरं हसायची. कुणाचा बाप तिकिटं घेतो हे मास्तरांना बरोबर ठाऊक असे. त्या पोराला फळ्याजवळ उभं करून ते बापाची अक्कल काढायचे. एक मुलगी तर रडलीच. "रडून अपूर्णांक मोठा होत नाही," मास्तर तिला म्हणाले होते. तीच आता कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान चालवते.

निवृत्तीनंतर शिकवण्या मिळेनात, घर खायला उठलं. एका सोमवारी, बसस्टँडमागच्या टपरीवर, जिथं ओळखीचं कुणी फिरकत नसे, मास्तरांनी तिकीट घेतलं. आकडे एक ते सहा. ही अंधश्रद्धा नाही, प्रयोग आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. प्रयोग काही वर्षं चालला. खरं म्हणजे शनिवारच्या सोडतीपर्यंत वाट बघायला काहीतरी मिळायचं, एवढंच. पण चोराच्या मनात चांदणं. टपरीवर जाताना टोपी भुवयांपर्यंत ओढलेली असे.

आणि एका शनिवारी कावळा बसला. एक ते सहा, एकही आकडा इकडेतिकडे नाही.

मास्तर लॉटरीच्या कचेरीत पोचले तर जिन्यापर्यंत रांग, आणि रांगेत सगळे त्यांचेच विद्यार्थी. वेल्डर, बँकेतली कारकून, औषधवाली.

"सर, तुमचेच आकडे," वेल्डर म्हणाला. "आम्ही आपले गंमत म्हणून लावत होतो."

बाकी ठिकाणच्याही शेकडो शहाण्यांनी तेच लावले होते. एकेकाच्या वाट्याला बऱ्यापैकी मिक्सर येईल एवढंच. मास्तरांचे कान गरम झाले. आकडे लागण्याचं गणित त्यांनी जन्मभर शिकवलं, पण लागल्यावर वाटेकरी किती, ही निम्मी बाजू त्यांच्या डोक्यातच आली नव्हती.

"पण तुम्ही इकडं कसे, सर?"

"पाण्याचं बिल भरायला," मास्तर म्हणाले.

पाण्याची कचेरी चार गल्ल्या पलीकडे होती. पण सरांवर संशय घेणार कोण? सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली, एकानं जिना उतरताना हातही धरला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकीट खिशातच राहिलं. पैशांचा मोह नव्हता. फाडून टाकावं असं रोज वाटे, पण फाडलं की ते खोटं कायमचं होणार होतं, आणि कबूल करायला तोंड नव्हतं. लोकांच्या बापांना गाढव म्हणताना जे तोंड चुरूचुरू चालायचं, ते आता उघडत नव्हतं.

महिन्याभरानं औषधवाली त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन घरी आली.

"सर, बसस्टँडच्या टपरीवरचं एक तिकीट अजून वटलेलं नाही म्हणे. आपल्यातलाच कुणीतरी असणार. तुमच्या धाकानं पुढं येत नसेल बिचारा."

मास्तर गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत राहिले.

"कळलं कोण ते, तर मीच नेईन त्याला. फक्त तुम्ही त्याला रागावू नका."

"मुदत कधीपर्यंत?"

"आज पाचपर्यंत."

मास्तर उठले, चपला घातल्या. "चल."

"कुठं, सर?"

त्यांनी तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं. "तुझ्या वडिलांना मी नाही नाही ते बोललो," ते म्हणाले.

तिनं आकडे वाचले, तिकीट नीट घडी करून परत दिलं.

"ऊन आहे, सर. छत्री घ्या."

कचेरीपर्यंत ती दुकानातल्या गोष्टी सांगत राहिली, खोकल्याचं औषध कसं मिळत नाही, नवा नोकर कसा आळशी आहे. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. ती एकदा जरी हसली असती, तरी त्यांना चालणं सोपं गेलं असतं.