तीन टाक्या, एक कीबोर्ड

पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात तिची अकरा वर्षं गेली होती. तीन टाक्यांचे तीन कॉम्प्युटर, आणि ते सांभाळायला दोघी: ती आणि तिची नणंद. नणंद कंत्राटावर होती, लग्न न केलेली, राहायला एकाच घरात. घरी दोघींचं साध्या खिडकीवरूनही वाजायचं, पण कामावर एकीने मान हलवली की दुसरीला कळायचं.

नणंदेच्या सुट्टीच्या दिवशी तिन्ही कीबोर्डांपाशी खुर्ची सरकवून सरकवून तिची कंबर धरायची. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एकदा म्हणाला, "एक खोका मिळतो. तिन्ही कॉम्प्युटर त्याला जोडायचे. कीबोर्ड एक, माउस एक, पडदा एक. बटण दाबलं की हवा तो समोर."

तिने साहेबांकडे मागणी केली. आठवड्यात खोका बसला. महिन्याने साहेबांनी नणंदेला सांगितलं, "आता एकीपुरतंच काम उरलंय."

नणंद तणतणत घरी आली. "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा खोका? तोंड बघायचंय मला त्याचं!"

ती मोरीशी पाठमोरी उभी होती. विसळलेलं पातेलं तिने पुन्हा विसळलं.

तेव्हापासून तिला घडीभर चैन नव्हतं. पूर्वी नुसती मान वळवली की तिन्ही पडदे दिसायचे. आता एक दिसला की दोन झाकलेले. एक उघडला की दोनची धाकधूक, दोन उघडला की तीनची. घास तोंडात आणि बोट बटणावर. घरी नणंद समोर आली की हिला पलीकडच्या खोलीतलं काहीतरी आठवायचं.

नवरा वैतागला. "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?"

एका दुपारी एक नंबरची टाकी काठोकाठ आली. झडप बंद करणार, तेवढ्यात फोन. तक्रार दोन नंबरच्या भागातली. तिने दोन उघडला, पातळी सांगितली, फोन ठेवला आणि झडप बंद केली. पडदे हुबेहूब सारखे. बंद झाली ती दोनची. एकची चिंता मिटली असं समजून ती तीनकडे वळली, कारण तिथला पंप अडखळत होता. वीस मिनिटांनी पहारेकऱ्याचा फोन आला. एकची टाकी भरून वाहत होती, रस्त्यावर घोटाभर पाणी, आणि दोनच्या भागात नळ कोरडे.

दुसऱ्या दिवशी साहेब अहवाल लिहायला बसले. "खोका बिघडला होता असं लिहू. तुम्हाला झळ नको."

"खोका धडधाकट आहे, साहेब. चूक माझी. आणि तो मीच मागितला होता, तेही लिहा. पण तिन्ही टाक्या एकटीच्या आवाक्यातल्या नाहीत. दुसरं माणूस द्या."

साहेबांनी नवा कागद ओढला आणि ती म्हणाली तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी ती नणंदेसमोर जाऊन बसली. "वन्सं, खोका मी मागितला होता. माझ्या कंबरेसाठी. तुमची नोकरी जाईल हे डोक्यातच आलं नाही."

"आणि दोन महिने माझ्या शेजारी बसून जेवलात?"

"हो."

नणंद ताट अर्धवट टाकून उठली.

तिसऱ्या आठवड्यात हुकूम आला. खोका निघाला, तिन्ही पडदे परत मांडले गेले आणि नणंदेला बोलावणं आलं. ती आली, पण नोकरीसाठी. तोंडाला कुलूप. "तीन नंबर, चार मीटर," एवढंच, तेही पडद्याकडे बघत. हिच्या हातून आकडे चुकत, खुर्ची टोचे, घड्याळ जागचं हलत नसे. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी नणंद एकदम खेकसली, "पंखा कमी करा ना जरा! कागद उडताहेत माझे."

ती उठली आणि पंखा कमी केला. परत बसताना तिने नणंदेकडे चोरून पाहिलं. कपाळावर आठी होतीच. तरी त्या दुपारी पहिल्यांदाच तिला सबंध तासभर एका जागी बसवलं.